परदेशी कंपनीचं गुत्तं आणि आपल्या हाताचा हिशेब

(या भागाचा मजकूर. ऐकायला वेळ नसेल त्यांनी वाचावा, आणि ऐकून झालं असेल तर आकडे पुन्हा बघायला परत यावं.)

आजचा विषय गेले कित्येक आठवडे मेसेजमधून येतोय. नांदेडहून येतोय, लातूरहून येतोय, उदगीर, देगलूर, अहमदपूरहूनही येतोय. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच: "परदेशातल्या कंपनीचं काम मिळालंय. घरूनच करायचंय. ते म्हणतात, तू कॉन्ट्रॅक्टर आहेस. मग टॅक्स कोण भरणार, पैसे कसे येणार, आणि जीएसटीचं काय?"

आधी अभिनंदन. लातुरात खोलीत बसून ऑस्टिन किंवा बर्लिनच्या टीमसोबत काम करणं ही साधी गोष्ट नाही. आधी पुणं, मग बेंगळुरू, मग जमलं तर बाहेर, असाच रस्ता होता. आता तो रस्ता गावातूनच निघतो. पण या रस्त्यावर पगाराच्या नोकरीतली बरीच कामं, जी कंपनीचं ऑफिस आपल्यासाठी करायचं, ती आपल्या अंगावर येतात. ती कोणती, ते आज एकेक करून बघू.

सालगडी की गुत्तेदार?

सगळ्यात आधी हे समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

आपल्या भागात ही गोष्ट समजावायला इंग्रजी शब्द लागतच नाहीत. सालगडी म्हणजे काय, सगळ्यांना माहितेय. पाडव्याला ठरतो, वर्षभर मालकाच्या शेतात राबतो, सांगितलं ते काम करतो, आजारी पडला तर मालकाला निदान विचारावं तरी लागतं. आणि गुत्तेदार? त्याने विहीर खोदायचं काम घेतलं, रक्कम ठरली, अवजार त्याचं, माणसं त्याची, नफा-तोटा त्याचा. काम झालं, पैसे घेतले, विषय संपला.

परदेशी कंपनी तुम्हाला 'कॉन्ट्रॅक्टर' म्हणते तेव्हा कागदावर तुम्ही गुत्तेदार असता. पीएफ नाही. ग्रॅच्युइटी नाही. भरपगारी रजा नाही. आरोग्य विमा नाही. टीडीएस कापला जात नाही. महिन्याला जी रक्कम येते तिला आपण घरात 'पगार' म्हणतो, पण कायद्याने ती पगार नाही. ती तुमच्या धंद्याची किंवा व्यवसायाची जमा आहे.

आता गंमत बघा. काम मात्र बऱ्याचदा सालगड्याचं करून घेतात. रोज सकाळची मीटिंग, रजेला परवानगी, दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही. म्हणून पैसे ठरवताना एक साधा हिशेब करा. इथल्या कंपनीत तुम्हाला जे मिळालं असतं त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, विमा, सुट्ट्या, ग्रॅच्युइटी सगळं मिळवा. परदेशी कामाचा आकडा त्याच्याही वर असायला पाहिजे. "महिन्याला दोन लाख" ऐकून हुरळून जायचं नाही. सुट्टी घेतली की पैसे बंद, आणि नोटीस किती दिवसांची, तर कधी कधी फक्त सात दिवसांची.

तिसरी एक वाट असते. कंपनी म्हणते, "आम्ही तुला एका मधल्या कंपनीमार्फत नोकरीवर घेतो." याला एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड म्हणतात. म्हणजे भारतात नोंदणी असलेली दुसरी कंपनी कागदोपत्री तुमची मालक होते, पगार रुपयांत देते, टीडीएस कापते, पीएफ भरते. हातात थोडं कमी पडतं, पण तुम्ही पक्के नोकरदार असता. घरी जबाबदारी मोठी असेल, गृहकर्ज काढायचं असेल, तर ही वाट वाईट नाही. निदान विचारून तरी बघा. बरेच जण विचारतच नाहीत.

सही करण्याआधी करारात काय बघायचं

करार इंग्रजीत असतो, वीस पानी असतो, आणि आपण शेवटचं पान उघडून सही करतो. असं करू नका. एवढ्या गोष्टी शोधा.

पैसे कोणत्या चलनात ठरलेत? डॉलर, युरो की रुपये? डॉलरमध्ये ठरले तर दर महिन्याला रुपयांतला आकडा हलणार, हे घरी आधीच सांगून ठेवा.

बिल दिल्यावर किती दिवसांत पैसे? 'नेट ३०' लिहिलं असेल तर बिलाच्या तारखेपासून ३० दिवस. एक तारखेला काम सुरू केलं, महिनाअखेरीला बिल दिलं, तर पहिला पैसा हातात यायला दोन महिने. तेवढे दिवस घर कशावर चालणार, ते आधी ठरवा.

बँकेचे चार्ज कोण सोसणार? हे एक वाक्य करारात घालून घ्या: पाठवणाऱ्याने सगळे चार्ज सोसायचे. याचा फरक पुढे सांगतो.

करार मोडायचा असेल तर नोटीस किती, आणि झालेल्या कामाचे पैसे मिळतील का?

आणि भांडण झालं तर कोर्ट कुठलं? बहुतेक करारांत तिकडचंच असतं. खरं सांगायचं तर दोन हजार डॉलर बुडाले म्हणून लातूरहून कुणी डेलावेअरच्या कोर्टात जात नाही. म्हणून आपलं संरक्षण कोर्टात नाही, थकबाकी वाढू न देण्यात आहे. नवीन कंपनी असेल तर पहिले दोन-तीन महिने पंधरा दिवसांचं बिल मागा. एक बिल थकलं की पुढचं काम थांबवा. सौजन्याने, पण थांबवा.

एक इशाराही देतो. काम देण्याआधी 'सिक्युरिटी डिपॉझिट' किंवा 'ट्रेनिंग फी' मागणारी कंपनी ही कंपनी नसते. आणि "तुमच्या खात्यात पैसे येतील, त्यातले पाच टक्के ठेवून बाकीचे पुढे पाठवा" हे काम तर चुकूनही घेऊ नका. ते फसवणुकीचे पैसे असतात, आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

पट्टी: ठरलेला भाव आणि हातात पडलेले पैसे

सोयाबीन घेऊन मार्केट यार्डात गेलेल्या घरातल्या पोरांना हे सांगायची गरज नाही. बोलीत भाव एक निघतो. मग ओलाव्याची घट, हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा होऊन पट्टी हातात येते, आणि पट्टीवरचा आकडा वेगळा असतो. डॉलरचंही तसंच आहे. फरक एवढाच की इथे कापलेलं सगळं पट्टीवर लिहिलेलं नसतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबासाठी धरलेत. बिल दोन हजार डॉलरचं. त्या दिवशी गूगलवर डॉलर ९० रुपये दिसतोय. म्हणजे आपल्या मनात १,८०,००० रुपये.

कंपनीने बँकेतून वायर केली, म्हणजे स्विफ्टने. वाटेत मधल्या एका बँकेने २० डॉलर कापले. राहिले १,९८०. आपल्या बँकेने भाव ९० चा नाही, ८८.५० चा लावला. झाले १,७५,२३०. चलन बदलण्यावर जीएसटी लागतो, तो साधारण २४८ रुपये. बँकेचा परदेशी रक्कम जमा करण्याचा चार्ज समजा ३०० आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५४. हातात पडले १,७४,६२८.

गेले किती? ५,३७२ रुपये. वर्षाला ६४ हजारांच्या वर. आणि यातला सगळ्यात मोठा तुकडा कुठला? चार्ज नाही. भाव. दीड रुपयाच्या फरकात जवळपास तीन हजार गेले, आणि ते कुठल्याच पावतीवर 'फी' म्हणून दिसत नाहीत. म्हणून कुणी "आमची फी शून्य" म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: भाव कितीचा लावता?

आता पर्याय बघू.

एक, सरळ बँक. मोठ्या रकमेला ठीक. बँकेत जाऊन परकीय चलनाच्या भावात सवलत मागा, मिळते. आपल्याकडच्या अडचणीचाही उल्लेख करतो. तालुक्याच्या शाखेला बऱ्याचदा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. घाबरू नका. त्याच बँकेच्या परकीय चलनाचं काम करणाऱ्या मोठ्या शाखेचा कोड चालतो. तो कोणता आणि त्यासोबत तुमचा खाते क्रमांक, आयएफएससी कसा लिहायचा, हे शाखेतून लेखी घ्या आणि तसंच बिलावर छापा.

दोन, पेपल. पेपलने एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देण्या-घेण्याची सेवा बंद केली, पण परदेशातून पैसे घेता येतात. सोपं आहे, ग्राहकाला सवय आहे. पण फी आणि भाव दोन्ही मिळून महाग पडू शकतं. लहान रकमेला, नव्या ग्राहकाला ठीक.

तीन, परदेशातून येणारं पेमेंट घेण्यासाठीच्या सेवा. त्या तुम्हाला तिकडचा खाते क्रमांक देतात, कंपनी तिथे देशांतर्गत पैसे भरते आणि इकडे रुपये जमा होतात. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये यांच्यासाठी वेगळी चौकट आणली, पेमेंट अ‍ॅग्रीगेटर क्रॉस बॉर्डर या नावाची. कुठलीही सेवा निवडण्याआधी तिला किंवा तिच्या भारतातल्या भागीदाराला रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे का, ते बघा. मग एकाच दिवशी दोन-तीन सेवांना विचारा: दोन हजार डॉलरचे माझ्या हातात किती रुपये पडतील? फक्त हा शेवटचा आकडा ताडून बघा. बाकी जाहिरात सोडून द्या.

तो एक कागद, आणि तो एक कोड

पैसे आले, खर्च झाले, विसरलो. असं करायचं नाही. प्रत्येक जमेसोबत दोन गोष्टी सांभाळा.

पहिली, पर्पज कोड. बाहेरून आलेला प्रत्येक पैसा कशासाठी आला हे बँकेला रिझर्व्ह बँकेला कळवावं लागतं. सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीसाठी पी ०८०२ हा कोड आहे. व्यवस्थापन सल्ल्याचा वेगळा, जाहिरातीच्या कामाचा वेगळा. पहिल्या वेळी बँक तुम्हाला ईमेल करते, फोन करते, "पैसे कशाचे?" विचारते. उत्तर मिळेपर्यंत रक्कम अडकून पडते. तेव्हा घाईत "घरखर्चाला" असं सांगू नका. घरखर्चासाठी परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेल्या पैशाचा कोड पी १३०१ आहे. कामाचे पैसे त्या कोडवर घेतले, की पुढे हे उत्पन्न सेवेच्या निर्यातीचं आहे हे सिद्ध करताना तुमचाच कागद तुमच्या विरोधात बोलतो.

दुसरी, एफआयआरसी किंवा एफआयआरए. म्हणजे परदेशातून रक्कम आल्याचं बँकेचं प्रमाणपत्र किंवा सूचनापत्र. कुणी पाठवले, किती डॉलर, कुठल्या भावाने किती रुपये, कोड कोणता, सगळं त्यावर असतं. मागितल्याशिवाय मिळेलच असं नाही. मागा. फोनमध्ये एक फोल्डर करा, महिन्याचं नाव द्या, त्यात बिल आणि हे पत्र शेजारी शेजारी ठेवा.

हे झालं सरळ मार्गाचं. आता दोन आडवाटा, ज्या आपल्याकडे फार सुचवल्या जातात.

"माझा मावसभाऊ न्यू जर्सीत आहे, त्याच्या खात्यात घेतो, तो मला पाठवेल." नको. तिकडे ते त्याचं उत्पन्न दिसतं, इकडे ते तुमच्या नावावर मदत म्हणून येतं, आणि तुमच्या कामाचा पुरावाच उरत नाही. भावाचंही नुकसान, तुमचंही.

"कंपनी म्हणते क्रिप्टोत घे, झटपट येतील." हे तर अजून अवघड. मिळालेल्या क्रिप्टोची किंमत तुमचं उत्पन्न धरली जाते. नंतर ते विकून नफा झाला तर त्यावर सरळ ३० टक्के टॅक्स, विक्रीवर १ टक्का टीडीएस. जीएसटीत निर्यात म्हणायला लागणारी परकीय चलनाची अट त्यात बसत नाही. आणि ते विकताना अनोळखी माणसाकडून खात्यात आलेले रुपये जर फसवणुकीतले निघाले, तर दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावर तुमचं खातं गोठवलं जातं. मग सोडवायला तुम्ही हिंडायचं. चार डॉलर वाचवायला एवढी आफत घेऊ नका.

इन्कम टॅक्स: निम्मं उत्पन्न

आता टॅक्स. तुम्ही वर्षभर भारतात राहता, म्हणून पैसे जगात कुठूनही आले तरी टॅक्स इथे. "परदेशातून आलेत म्हणजे टॅक्स नाही" हे ज्याने सांगितलं त्याचा नंबर डिलीट करा.

पण चांगली बातमी आहे. कलम ४४ एडीए. इंजिनिअरिंग, तांत्रिक सल्ला, माहिती तंत्रज्ञान, वकिली, अकाउंटन्सी, वास्तुरचना, वैद्यक, अंतर्गत सजावट अशा ठरावीक व्यवसायांना हे लागू होतं. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल, आणि रोखीत ५ टक्क्यांहून जास्त घेतलेलं नसेल तर ७५ लाखांपर्यंत, तर सरकार म्हणतं: निम्मं तुमचं उत्पन्न धरू, निम्मं खर्च धरू, वह्या मागणार नाही. आपले पैसे सगळे बँकेतूनच येतात, म्हणजे ७५ लाखांची मर्यादा आपली.

आकड्यांत बघू. महिन्याला अडीच हजार डॉलर, भाव ९० धरला तर वर्षाचे २७ लाख. ४४ एडीएखाली उत्पन्न १३.५ लाख. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर शून्य, पुढच्या चारवर ५ टक्के म्हणजे २० हजार, पुढच्या चारवर १० टक्के म्हणजे ४० हजार, उरलेल्या दीड लाखावर १५ टक्के म्हणजे साडेबावीस हजार. झाले ८२,५००. त्यावर ४ टक्के सेस, एकूण ८५,८००. २७ लाखांच्या जमेवर. आणि जमा २४ लाखांच्या आत असेल, दुसरं उत्पन्न नसेल, तर धरलेलं उत्पन्न १२ लाखांच्या आत येतं आणि नव्या प्रणालीतल्या सवलतीमुळे टॅक्स शून्य.

शून्य टॅक्स म्हणजे रिटर्न भरायचं नाही, असं नाही. हे अधोरेखित करा. रिटर्न भरायचंच. कारण पुढे घर घ्यायला बँकेत जाल तेव्हा तुमच्याकडे पगाराची स्लिप नसणार. बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागणार. तीच तुमची स्लिप. अशी कितीतरी घरं आहेत जिथे पोरगं चांगलं कमावतंय, प्लॉट पसंत पडलाय, इसार द्यायची तयारी आहे, आणि कर्जाच्या टेबलावर गाडी अडते, कारण कमाई खरी आहे पण कागदावर नाही.

यातल्या चार खाचा लक्षात ठेवा.

टीडीएस कापला जात नाही, त्यामुळे अ‍ॅडव्हान्स टॅक्स आपणच भरायचा. वर्षाचा टॅक्स १० हजार किंवा जास्त होणार असेल तर भरावा लागतो. ४४ एडीए घेणाऱ्यांना सोय आहे: चार हप्ते नाहीत, १५ मार्चपर्यंत एकदाच. चुकलं तर महिन्याला १ टक्का व्याज. मार्चमध्ये ८५ हजार एकदम काढणं जड जातं, म्हणून दर महिन्याला सात-आठ हजार वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं यूपीआय फोनमध्ये जोडूच नका.

दुसरं, जमा म्हणजे पूर्ण रक्कम. फ्रीलान्सिंगच्या वेबसाइटने आपली फी कापून पैसे दिले, तरी उलाढाल फी कापण्याआधीची धरा. फी हा तुमचा खर्च, आणि तो त्या निम्म्यात आला.

तिसरं, तुमचं काम त्या व्यवसायांच्या यादीत बसतं का, ते आधी बघा. कंटेंट लिहिणारे, व्हिडिओ एडिट करणारे, डेटा एंट्री करणारे, यांनी "मित्राने भरलं म्हणून मीही ४४ एडीए" असं करू नका. तुम्हाला दुसरी वाट असू शकते, किंवा वह्या ठेवून खरा खर्च दाखवायची. सीएला एकदा बसून विचारा. त्याची फी वाचवण्यात अर्थ नाही.

चौथं, कंपनीने शेअर दिले असतील किंवा तुमच्या नावावर परदेशात खातं असेल, तर सुटसुटीत सुगम फॉर्म, म्हणजे आयटीआर-४, चालत नाही. आयटीआर-३ लागतो आणि परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो. तो लपवल्याचा दंड लाखांत जातो.

आणि नवीन इन्कम टॅक्स कायदा, २०२५ चा, १ एप्रिल २०२६ पासून लागू झालाय. कलमांचे नंबर बदललेत. पण २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न जुन्याच कायद्याखाली जातं. त्यामुळे कुणी ४४ एडीए म्हणालं आणि कुणी कलम ५८ म्हणालं, तर गोंधळू नका. गोष्ट तीच आहे.

अमेरिकन कंपनी फॉर्म मागते तेव्हा

अमेरिकेतली कंपनी पहिल्या आठवड्यातच एक फॉर्म पाठवते: डब्ल्यू-८ बेन. बघून पोटात गोळा येतो, कारण वर अमेरिकन टॅक्स खात्याचं नाव असतं. यात तुम्ही फक्त एवढंच सांगता की मी अमेरिकन नागरिक नाही, मी भारतात राहतो, माझा पॅन हा आहे. काम भारतात बसून केलं तर ते उत्पन्न अमेरिकेत उगवलेलं धरत नाहीत, म्हणून तिकडे टॅक्स कापायचं कारण नाही. फॉर्म दिला नाही तर कंपनी घाबरून ३० टक्के कापू शकते. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत तो चालतो, मग नवीन द्यायचा.

दुसऱ्या एखाद्या देशाने टॅक्स कापलाच, तर कापल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. बऱ्याच देशांशी भारताचा दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. जुन्या कायद्याखालच्या रिटर्नसोबत फॉर्म ६७ भरून तिकडे भरलेल्याची वजावट इकडे मागता येते. प्रमाणपत्र नसेल तर मात्र अवघड.

जीएसटी: लागतो, पण शून्य

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून हळू जातो.

सेवा देणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल. आणि निर्यातही त्या उलाढालीत मोजतात. "माझं काम परदेशी आहे, मला जीएसटी नाही" हे अर्धं खरं आहे. टॅक्सचा दर शून्य आहे, पण नोंदणीची सूट नाही. आपल्या उदाहरणात महिन्याला सव्वादोन लाख येतात, म्हणजे नवव्या महिन्यात २० लाख ओलांडले. तिथून ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज.

सेवा निर्यात धरायला पाच गोष्टी लागतात. तुम्ही भारतात. घेणारा भारताबाहेर. सेवेचं ठिकाण भारताबाहेर. पैसे परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली असेल तिथे रुपयांत. आणि तुम्ही व ती कंपनी म्हणजे एकाच संस्थेच्या दोन शाखा नाही. सरळ सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्याला या पाचही सहसा जमतात. आता कळलं, वर एफआयआरसी सांभाळा असं का म्हटलं? चौथ्या अटीचा पुरावा तोच कागद.

नोंदणी झाली की लगेच एलयूटी भरा. हमीपत्र म्हणा. जीएसटीच्या पोर्टलवर आरएफडी-११ नावाचा फॉर्म आहे, फी नाही. त्याने तुम्हाला टॅक्स न भरता निर्यात करता येते. नाहीतर आधी १८ टक्के खिशातून भरा आणि मग परतावा मागत बसा. एलयूटी एका आर्थिक वर्षापुरतं असतं. म्हणून फोनमध्ये मार्चअखेरची आठवण लावा: नवीन एलयूटी. आणि बिलावर एक ओळ छापा की ही निर्यात एलयूटीखाली, आयजीएसटी न भरता केलेली आहे.

नंतर जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३ बी नियमित. एखाद्या महिन्यात काम नसलं तरी शून्याचं रिटर्न जातंच. राहिलं तर दिवसाप्रमाणे लेट फी.

राज्याचे अडीच हजार

हे सगळेच विसरतात. नोकरदाराचा प्रोफेशन टॅक्स कंपनी कापते. गुत्तेदाराचा कोण कापणार? आपणच. महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याने पीटीईसी ही नोंदणी करायची आणि वर्षाला २,५०० रुपये भरायचे. महाजीएसटीच्या वेबसाइटवर होतं. रक्कम छोटी आहे, पण पाच वर्षांनी व्याज-दंडासकट एकदम निघाली की त्रास होतो.

तर मग, पहिल्या महिन्यात काय करायचं?

फोन हातात आहेच, टिपून घ्या.

• कामासाठी वेगळं बँक खातं. घरची यूपीआय देवघेव त्यात नको.
• बिलाचा एक नमुना: क्रमांक, तारीख, तुमचं नाव-पत्ता, कंपनीचं नाव-पत्ता, काम काय, कुठल्या काळाचं, रक्कम, स्विफ्ट कोड, खाते क्रमांक.
• करार, बिल, एफआयआरसी, तिन्ही एका फोल्डरमध्ये.
• दर महिन्याला टॅक्सचे पैसे बाजूला.
• उलाढालीची बेरीज एका वहीत. १८ लाखांना पोहोचली की सीएला फोन.
• घरच्यांसह आरोग्य विमा. हा आधी, नवीन मोबाईल नंतर.
• सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला. गुत्तं कधीही संपू शकतं.

शेवटी एक सांगतो. गावात लोक विचारतात, "पोरगं काय करतं?" आणि आई म्हणते, "कंपूटरवर असतंय काहीतरी दिवसभर." ते काय असतंय ते आई-वडिलांना एकदा कागद दाखवून सांगा. हे बिल, ही जमा, हे भरलेलं रिटर्न. त्यांनी आयुष्यभर पट्ट्या सांभाळून ठेवल्यात, रबर लावून, पत्र्याच्या पेटीत. त्यांना हे लगेच कळतं. उलट तेच तुम्हाला विचारतील, "भावात किती कापले रे?"

तुमच्या करारातला, बिलातला किंवा बँकेतला काही प्रश्न असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा. नाव न घेता पुढच्या भागात उत्तरं देऊ. फक्त खाते क्रमांक आणि पॅन पाठवू नका, ते कुणालाच पाठवू नका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.